आप्पांच्या पायाला ऑक्सिजन चेंबर लागेल का?

पत्र (थोडं संक्षिप्त करून):

डॉक्टर मॅडम, सादर नमस्कार.
मी विट्याजवळच्या गावातून लिहिते आहे. माझे सासरे, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, वय ६४, शेतकरी. सोळा वर्षांची शुगर. पायी वारी कधी चुकवली नाही. यंदा आषाढीला वाखरीच्या अलीकडे उजव्या अंगठ्याखाली तळव्याला फोड येऊन फुटला, तरी त्यांना कळलं नाही. मोजा भिजलेला दुसऱ्या वारकऱ्यानं दाखवला. तेव्हापासून साडेतीन महिने ती जखम भरत नाही. गावातले डॉक्टर दिवसाआड ड्रेसिंग करतात, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले. महिन्यापूर्वी पू आला तेव्हा एक्सरे काढला, त्यात हाडाला थोडं लागलं असावं असं सांगितलं. तीन महिन्यांची शुगर १०.२ आहे.
शहरातल्या एका सेंटरनं ऑक्सिजन चेंबरच्या ४० सीटिंग सांगितल्या आहेत, एका सीटिंगचे ३,५०० रुपये. बोट नक्की वाचेल म्हणतात. ह्यांच्या मनात सोनं तारण ठेवायचं आहे. त्यांच्या पत्रकात पॅरालिसिसपासून केस गळण्यापर्यंत पंचवीस-तीस आजार लिहिलेत, ऑटिझमसुद्धा. माझ्या नणंदेचा मुलगा ऑटिझमचा आहे, म्हणून तीही विचारते आहे. हा उपचार खरा आहे का? कशाकशासाठी आहे? आणि आप्पा कार्तिकीला जायचं म्हणतात, जाऊ द्यावं का?
– एक सून

ताई, नमस्कार.

घरात सोनं तारण ठेवण्याचा विषय निघाला आहे, म्हणून मुख्य उत्तर आधीच देते. या आठवड्यात चाळीस सीटिंगचे पैसे भरू नका. आप्पांच्या पायाच्या बोटांपर्यंत रक्त किती पोचतं आहे, हे आधी तपासून घ्या. तुम्ही पत्रासोबत जोडलेले सगळे कागद मी पाहिले. रक्ताचे रिपोर्ट आहेत, एक्सरे आहे, पुवाची तपासणी आहे. पायाच्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर, म्हणजे आतून रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी, मात्र कुठेच नाही. साडेतीन महिने न भरलेल्या मधुमेही पायाचा डॉप्लर झालेला नसताना कुणी एक लाख चाळीस हजारांचा उपचार सुचवावा, याचं मला फार वाईट वाटलं.

उपचार खोटा नाही, हेही लगेच सांगते. हायपरबेरिक ऑक्सिजन, म्हणजे हाच चेंबरमधला उपचार, हा खरा वैद्यकीय उपचार आहे आणि काही आजारांत तो जीव वाचवतो. तो कसा काम करतो हे समजलं की आप्पांचा निर्णय तुम्हाला घरीच बराचसा घेता येईल.

आपल्या रक्तातला ऑक्सिजन जवळजवळ सगळा हिमोग्लोबिनवर बसून प्रवास करतो. निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन साध्या हवेतही ९७-९८ टक्के भरलेलं असतं, म्हणजे तिथे आणखी जागा नसते. रक्ताच्या पाण्यात, म्हणजे प्लाझ्मात विरघळलेला ऑक्सिजन अगदी नगण्य असतो, १०० मिलिलिटर रक्तामागे सुमारे ०.३ मिलिलिटर. पण माणसाला बंद कक्षात ठेवून आतला दाब वाढवला आणि शुद्ध ऑक्सिजन दिला, तर हा विरघळलेला भाग वाढत जातो. नेहमीच्या तिप्पट दाबाला तो ६ मिलिलिटरच्या आसपास पोचतो आणि विश्रांतीत असलेल्या शरीराची गरज जवळपास तेवढीच असते. ॲम्स्टरडॅमचे सर्जन इटे बूरेमा यांनी १९६० साली हे डुकरांवर दाखवलं. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी जवळजवळ सगळ्या काढून टाकल्या, तरी चेंबरमध्ये ती जगली.

जखमेला याचा उपयोग असा की सुजेमुळे किंवा बारीक केशवाहिन्या बिघडल्यामुळे जिथे तांबड्या पेशी नीट पोचत नाहीत, तिथे प्लाझ्मातून थोडा ऑक्सिजन जातो. जंतू मारायला पांढऱ्या पेशींना ऑक्सिजन लागतो, जखम सांधणारं कोलॅजन तयार व्हायला लागतो, आणि रोज काही काळ तो जास्त मिळत राहिला की नव्या केशवाहिन्याही फुटतात. मात्र हे सगळं प्लाझ्मा तिथवर पोचला तरच. मांडीतली किंवा पोटरीतली मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर चेंबरमधला ऑक्सिजन फुप्फुसात भरपूर जाईल, रक्तातही भरपूर मिसळेल आणि आप्पांच्या अंगठ्याला त्यातलं काहीच मिळणार नाही. अशा पायाची वाहिनी अँजिओप्लास्टी किंवा बायपासनं आधी उघडावी लागते. चेंबरमध्ये घालवलेले दोन महिने हे तेव्हा वाया गेलेले दोन महिने असतात, आणि मधुमेही पायाला दोन महिने फार होतात.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे पायाच्या तज्ज्ञाकडे किंवा व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनकडे जा. तुम्हाला मिरज किंवा कोल्हापूर जवळ आहे. ते पावलाच्या वरच्या बाजूची आणि घोट्याच्या आतल्या बाजूची नाडी बोटांनी पाहतील, मग घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाची तुलना करतील. इथे एक गोम आहे. जुन्या मधुमेहात रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचून त्या कडक होतात, पट्ट्यानं दाबल्या जात नाहीत, आणि घोट्याचा आकडा खोटाच चांगला येतो. म्हणून नुसत्या त्या आकड्यावर ‘रक्तपुरवठा ठीक’ असं कुणी म्हटलं, तर पायाच्या अंगठ्यातला दाब मोजायला सांगा. आप्पांची जखम उजव्या अंगठ्याखालीच असली तरी अंगठा शाबूत आहे, तिथे छोटा पट्टा बसतो. तो दाब ३० च्या खाली असेल तर रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी लवकरात लवकर करायची, चेंबरचा विचार तेव्हा बाजूला ठेवायचा.

दुसरी गोष्ट हाडाची. एक्सरेत हाडातला बदल दिसायला दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे महिन्यापूर्वीच्या फिल्मवर आज विसंबता येत नाही. तपासताना डॉक्टर निर्जंतुक केलेली बोथट धातूची सळई जखमेत हळूच घालतात. मऊ लागलं तर मांस, आणि टोकाला खडखडीत, वाळूवर टेकल्यासारखं लागलं तर हाड उघडं पडलं आहे असं समजायचं. आप्पांना यात दुखणार नाही, त्यांच्या पायाला संवेदनाच राहिलेली नाही, आणि सगळ्या दुखण्याचं मूळ तेच आहे. हाडात संसर्ग असेल तर मेलेलं हाड काढावं लागू शकतं किंवा सुमारे सहा आठवडे नेमकं अँटिबायोटिक द्यावं लागतं. कुठलं, हे हाडाचा किंवा आतल्या मांसाचा तुकडा तपासून ठरवलेलं बरं. वरवर कापूस फिरवून घेतलेल्या नमुन्यात बऱ्याचदा कातडीवरचेच जंतू येतात. तुमच्या कागदांतली पुवाची तपासणी त्याच प्रकारची दिसते.

तिसरी गोष्ट सगळ्यात साधी आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी: त्या जागेवर वजन पडू न देणं. तुम्ही लिहिलं आहे की आप्पा आता शेतावर जात नाहीत, ‘घरातल्या घरातच असतात’. ताई, एक दिवस मुद्दाम लक्ष ठेवून बघा. पहाटे उठून मोरीपर्यंत, आंघोळीनंतर देवघरापर्यंत, तुळशीला पाणी, मग ओट्यावर, जेवायला आत, पुन्हा बाहेर. हे सगळं अनवाणी, आणि प्रत्येक पावलाला शरीराचा भार नेमका अंगठ्याखालच्या त्या गादीवर येतो. आपल्याला तिथे दुखलं असतं तर आपण आपोआप लंगडलो असतो. आप्पांना दुखत नाही, म्हणून ते सरळ चालतात आणि रोज जखम नव्यानं चिरडतात. यावर जगभर मान्य असलेला उपाय म्हणजे गुडघ्याखालपर्यंत येणारं, पायाला सगळीकडून सारखं टेकणारं प्लॅस्टर, टोटल कॉन्टॅक्ट कास्ट म्हणतात ते, किंवा तसाच न काढता येणारा बूट. न काढता येणारा यासाठी की काढता येणारा बूट लोक घरात काढून ठेवतात. रक्तपुरवठा फार कमी असेल किंवा पू वाहत असेल तर प्लॅस्टर लगेच घालत नाहीत, म्हणूनही आधीच्या दोन तपासण्या हव्यात. जखम भरल्यावर आयुष्यभरासाठी एमसीआरची (खास मऊ रबराची) चप्पल, घरातली वेगळी आणि बाहेरची वेगळी.

जखमेभोवतीचा जाड घट्टाही दर आठवड्याला छाटून घ्यावा लागतो. फोटोत कडेनं पिवळट कडक कातडी दिसते आहे, तीच ती. तिच्या दाबानं खालचं मांस मरत राहतं. दिवसाआड ड्रेसिंग म्हणजे नुसतं पट्टी बदलणं होत असेल तर ते अपुरं आहे. साखरेसाठी बहुतेक इन्सुलिन सुरू करावं लागेल, त्याला आप्पा नको म्हणतील, तरी करा. आणि बिडी. ‘आता एखाददुसरीच ओढतात’ असं तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलं आहे. एखाददुसरीही पायाच्या वाहिन्या आवळते. ती बंद न करता ऑक्सिजनवर लाखभर रुपये घालवू नका.

हे सगळं नीट झालं की चारेक आठवड्यांनी जखम मोजायची. लांबी-रुंदी वहीत लिहून ठेवा, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. क्षेत्रफळ निम्म्यावर आलं असेल तर ती भरण्याच्या मार्गाला लागली आहे, चेंबरची गरज नाही. महिनाभर सगळं मनापासून करूनही जखम जागची हलली नाही, रक्त पोचतं आहे किंवा पोचवण्याचे उपाय करून झाले आहेत, आणि संसर्ग हाडापर्यंत खोल आहे, तर मात्र चेंबरचा विचार जरूर करा. अमेरिकेत ज्येष्ठांचा सरकारी विमा पैसे देताना साधारण हाच निकष लावतो: जखम हाड किंवा गळवापर्यंत खोल हवी, आणि ३० दिवसांच्या नीट उपचारानं सुधारणा झालेली नसावी.

पुरावा काय सांगतो, तेही मोकळेपणानं सांगते, कारण सेंटरवाले त्यातला सोयीचा भागच सांगतात. स्वीडनमधल्या २०१० च्या एका चांगल्या अभ्यासात ९४ रुग्ण होते. निम्म्यांना चेंबरमध्ये शुद्ध ऑक्सिजन दिला, निम्म्यांना त्याच चेंबरमध्ये त्याच दाबाची साधी हवा. कुणाला काय मिळतं आहे हे रुग्णालाही माहीत नव्हतं आणि डॉक्टरांनाही. वर्षाअखेर पहिल्या गटातल्या ५२ टक्क्यांची जखम पूर्ण भरली, दुसऱ्यातल्या २९ टक्क्यांची. फरक मोठा आहे. पण हे रुग्ण आधी किमान दोन महिने मधुमेही पायाच्या खास क्लिनिकमध्ये उपचार घेतलेले होते, आणि त्यांचा रक्तपुरवठा एकतर पुरेसा होता किंवा शस्त्रक्रियेनं सुधारण्यापलीकडचा होता. पुढे २०१६ मध्ये कॅनडातल्या १०३ रुग्णांच्या अभ्यासात काहीच फरक दिसला नाही. नेदरलँड्समध्ये २०१८ साली कमी रक्तपुरवठ्याच्या १२० रुग्णांवर पाहिलं, तिथेही ठाम फायदा सिद्ध झाला नाही, आणि ज्यांना चेंबर सुचवलं होतं त्यांतल्या जेमतेम दोनतृतीयांश लोकांनाच कोर्स पूर्ण करता आला. बाकीच्यांना आजारपण, येणं-जाणं झेपलं नाही. मधुमेही पायाच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटानं २०२३ मध्ये हे सगळं जमेला धरून असं म्हटलं की नेहमीचे सगळे उपाय करूनही न भरणाऱ्या, रक्तपुरवठा कमी असलेल्या जखमेत जोड-उपचार म्हणून याचा विचार करायला हरकत नाही. जोड-उपचार हा शब्द महत्त्वाचा. ‘बोट नक्की वाचेल’ असं बोलायला यातल्या कशाचाही आधार नाही, आणि जो डॉक्टर आप्पांचा पाय तपासण्याआधी ‘नक्की’ म्हणतो त्याच्याकडे मी माझ्या वडिलांना पाठवणार नाही.

पुढे कधी चेंबरची वेळ आलीच तर काय अपेक्षा ठेवायची ते लिहिते. एकाच माणसाची पारदर्शक नळीसारखी चेंबरं असतात आणि सात-आठ जण बसतात अशी खोलीवजाही असतात. पायासाठी दाब नेहमीच्या दोन ते अडीच पट, एक सीटिंग दीड ते दोन तासांची, आठवड्यातून पाच दिवस. दाब वाढताना हवेचा सूंऽऽ आवाज येतो, थोडं उकडतं, आणि आंबोलीचा घाट उतरताना बसतात तसे कान बसतात. आवंढा गिळायचा, नाक दाबून हलकेच फुंकायचं. सर्दी असेल त्या दिवशी जायचं नाही. कानाच्या पडद्याला इजा हाच यातला सगळ्यात नेहमीचा त्रास आहे, म्हणून आधी कान तपासलेले हवेत आणि छातीचा एक्सरेही. फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असेल आणि ती काढलेली नसेल, तर चेंबरमध्ये जाणं जिवावर बेतू शकतं. बरीच वर्षं बिडी ओढलेल्या माणसाची फुप्फुसं तर नीट पाहायलाच हवीत. बऱ्याच सीटिंगनंतर लांबचं धूसर दिसायला लागतं. ते काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत पूर्ववत होतं, तेवढ्यात नवा चष्मा करू नये. क्वचित ऑक्सिजनच्या विषारी परिणामानं फिट येते, ती ऑक्सिजन थांबवला की थांबते.

आप्पांसाठी खास काळजी साखरेची. चेंबरमध्ये साखर उतरते. इन्सुलिन घेऊन, काही न खाता त्यांना कधीही आत पाठवू नका, आणि आत जाण्याआधी व बाहेर आल्यावर साखर मोजणारं सेंटर नसेल तर तिथे जाऊच नका.

आगीबद्दल मला जरा जास्त बोलू द्या. शुद्ध ऑक्सिजनमध्ये ठिणगी पडली तर विझवायला वेळ मिळत नाही. १९९७ साली इटलीत मिलानच्या एका इस्पितळातल्या चेंबरला आग लागून ११ जण गेले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ट्रॉय गावी पाच वर्षांचं मूल चेंबरमध्येच गेलं. त्यामुळे आत जाताना सेंटरनं दिलेले सुती कपडेच घालायचे. मोबाइल, घड्याळ, श्रवणयंत्र, काडेपेटी, अंगाला तेल, केसांना तेल, बाम, व्हॅसलिन, यातलं काहीही न्यायचं नाही. रुग्णाच्या मनगटाला अर्थिंगचा पट्टा लावतात का, डॉक्टर पूर्ण वेळ हजर असतो का, प्रशिक्षित माणूस चेंबरशेजारून हलत नाही ना, हे स्वतः उभं राहून बघा. आप्पांच्या खिशात बिडी-काडेपेटी राहते, हे तुम्हाला माहीतच आहे.

आता पत्रकातल्या यादीविषयी. जगभर मान्य असलेले आजार साधारण चौदा-पंधरा आहेत, पंचवीस-तीस नाहीत. खोल पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसांना वेगानं वर आल्यावर होणारा डीकॉम्प्रेशन आजार हा त्यांतला सगळ्यात जुना, त्यामुळेच आपल्याकडे या शास्त्राचं मोठं ज्ञान नौदलाच्या डॉक्टरांकडे आहे. मुंबईत कुलाब्याच्या आयएनएचएस अश्विनी या नौदलाच्या इस्पितळाच्या आवारात त्यांची यासाठीची संस्थाच आहे. रक्तवाहिनीत हवेचा बुडबुडा अडकणं, गॅस गँगरीन, मांस सडवत झपाट्यानं पसरणारे संसर्ग, चिरडलेले हातपाय, जगेल की नाही अशी शंका असलेली कातडीची कलमं, औषधांना न जुमानणारा हाडांचा संसर्ग, गंभीर भाजणं, रक्त देता येत नाही अशा माणसातला टोकाचा रक्तक्षय, हे त्यात येतात. गॅस गँगरीनमध्ये चाकू, अँटिबायोटिक आणि चेंबर तिन्ही लागतात, पण चाकू आधी.

दोन-तीन गोष्टी तुमच्या घरी उपयोगी पडतील म्हणून वेगळ्या सांगते. एका कानानं अचानक ऐकू येईनासं झालं तर ‘मळ असेल’ म्हणून थांबायचं नाही. दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जायचं. स्टेरॉइड लगेच लागतं, आणि पहिल्या दोन आठवड्यांत त्याच्या जोडीला चेंबरचा उपयोग होऊ शकतो. एका डोळ्यासमोर अचानक, न दुखता अंधार आला तर त्याच तासाला इस्पितळाकडे निघायचं. आणि बाथरूममधला गॅस गीझर. दार-खिडकी बंद असताना तो जळत राहिला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास ना रंग, आणि तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. साध्या हवेत त्यातला अर्धा निघून जायला सुमारे पाच तास लागतात, मास्कनं शुद्ध ऑक्सिजन दिल्यावर तासा-दीड तासाच्या आसपास, आणि तिप्पट दाबाच्या चेंबरमध्ये वीस-पंचवीस मिनिटं. अमेरिकेत युटा राज्यात झालेल्या एका अभ्यासात (२००२) चेंबरमध्ये उपचार झालेल्यांपैकी २५ टक्क्यांना सहा आठवड्यांनी स्मरणशक्ती-विचारशक्तीचा त्रास उरला होता, इतरांत ४६ टक्क्यांना. पण आंघोळीला गेलेलं माणूस आत बेशुद्ध सापडलं तर चेंबर शोधत फिरायचं नाही. बाहेर मोकळ्या हवेत ओढायचं, १०८ ला फोन करायचा, जवळच्या इस्पितळात मास्कनं ऑक्सिजन सुरू करायचा, पुढचं ते डॉक्टर ठरवतील. तुमच्याकडे तसा गीझर असेल तर तो आधी बाथरूमच्या बाहेर बसवून घ्या.

आपल्या भागात तंबाखूमुळे तोंडाचे कॅन्सर फार, म्हणून हेही सांगते. रेडिएशन घेतल्यावर काही वर्षांनीसुद्धा जबड्याचं हाड मरून उघडं पडू शकतं, त्या दुखण्यात चेंबर वापरतात. रेडिएशननंतर मूत्राशयातून रक्त जात राहतं, त्यात तर २०१९ च्या युरोपातल्या अभ्यासात चांगला फायदा दिसला. रेडिएशन झालेल्या माणसानं दात काढण्याआधी दंतवैद्याला ते सांगितलंच पाहिजे.

तुमच्या नणंदेला मात्र मी स्पष्ट नाही म्हणेन. ऑटिझममध्ये याचा उपयोग होतो असा विश्वासार्ह पुरावा नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१३ सालीच लोकांना तसं बजावलं होतं. तिला कुणीतरी सांगेल की अमक्याचं मूल सुधारलं, आणि ते आई-वडील खोटं बोलत नसतील. कॅनडात सेरेब्रल पाल्सीच्या १११ मुलांवर एक अभ्यास झाला, तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला चेंबरमध्ये ऑक्सिजन, दुसऱ्याला किंचित दाबाची साधी हवा. दोन्ही गटांतली मुलं सुधारली, आणि सारखीच सुधारली. दोन महिने आई-वडील रोज पूर्ण वेळ मुलासोबत आहेत, सगळ्यांचं लक्ष त्याच्यावर आहे, मूल वाढतंही आहे, यानंच फरक पडला असावा. तो वेळ आणि ते पैसे स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी आणि शाळेतल्या मदतीवर घालावेत असं तिला माझ्या वतीनं सांगा. दोष तिचा नाही, हेही सांगा. अशा पत्रकांचा रोख थकलेल्या आईकडेच असतो. घरी भाड्यानं मिळणाऱ्या, चेन लावून फुगवायच्या मऊ पिशव्यांबद्दल तिनं विचारलं असेल तर त्यांत दाब जेमतेम १.३ पट होतो. त्या उंच डोंगरावर होणाऱ्या त्रासासाठी तयार झाल्या, आणि त्यांच्यानं आप्पांची जखमही भरणार नाही.

कार्तिकीचं काय? यंदा पायी नको. त्यांना हे पटवणं तुम्हाला जड जाईल, तेव्हा दिंडीच्या विणेकऱ्यांना किंवा दिंडीचालकांना घरी बोलावून त्यांच्या तोंडून सांगा. सर्जननं परवानगी दिली तर गाडीनं जाऊन दर्शन घेऊन यावं, पण देवळात अनवाणी उभं राहायचं नाही. बधिर पायाला उन्हात तापलेल्या फरशीचा चटका कळत नाही, असे भाजलेले तळवे मी दरवर्षी बघते. मुखदर्शनाची किंवा व्हीलचेअरची सोय पुढे माणूस पाठवून विचारून घ्या.

पैशांचं म्हणाल, तर ज्या इस्पितळात दाखवाल तिथे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असेल तर आरोग्यमित्राच्या टेबलावर आधी जा, आणि अँजिओप्लास्टी किंवा पायाची शस्त्रक्रिया लागली तर काय बसतं ते रेशनकार्ड दाखवून विचारा. चेंबरसाठी कुणी ‘इन्शुरन्समध्ये होऊन जाईल’ म्हणालं तर कंपनीकडून ते आधी लेखी घ्या. आणि सेंटरशी बोलताना पूर्ण चाळीसचे पैसे एकदम भरायला कधीच तयार होऊ नका. दहा-दहाच्या टप्प्यानं भरा, प्रत्येक टप्प्याला जखम मोजा, आकडा हलत नसेल तर थांबा.

डॉक्टरची वेळ मिळेपर्यंत रोज संध्याकाळी चांगल्या उजेडात दोन्ही पाय बघत जा, बोटांच्या बेचक्यांसकट. जखमेभोवतीची लाली पावलावर वर चढायला लागली, पायाला सूज आली, घाण वास सुटला, बोट निळं किंवा काळं पडलं, कातडीखाली दाबल्यावर चुरचुर लागली, ताप-थंडी आली, किंवा काही न खाता-बदलता साखर अचानक तीनशेच्या पुढे राहायला लागली, तर वेळ मिळालेल्या तारखेची वाट बघू नका. त्याच रात्री, ज्या इस्पितळात सर्जन हजर असेल तिथे आप्पांना घेऊन जा, आणि पाऊल जमिनीला न टेकवता गाडीत बसवा.